केरी काउंटीची सीनियर फुटबॉल स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेलिक फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या, आणि बऱ्याच वर्षांपासून पाहूनही केरीच्या (आयर्लंडमधली एक काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा प्रदेश) स्पर्धेपाशी गोंधळणाऱ्या वाचकांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, खरा गुंता प्रश्न ४ पासून सुरू होतो. आकडे २०२४ च्या हंगामापर्यंतचे आहेत. त्यापुढचे काही असेल तर तिथे वर्ष दिले आहे.

१. ही स्पर्धा नेमकी कोणाची? केरी म्हणजे तोच ना, जो ऑल-आयर्लंड जिंकतो?

नाव तेच, पातळी वेगळी. ऑल-आयर्लंड स्पर्धेत काउंट्यांचे निवडक संघ खेळतात आणि केरीच्या निवडक संघाने ती २०२५ पर्यंत ३९ वेळा जिंकली आहे. इतकी जेतेपदे दुसऱ्या कोणत्याही काउंटीकडे नाहीत. या पानाचा विषय त्याच्या एक पायरी खालचा आहे: केरीतल्या क्लबांनी आणि विभागांनी आपसात खेळायची सीनियर स्पर्धा. विजेत्याला बिशप मॉइनिहान चषक मिळतो. दोन्ही स्पर्धा जीएए, म्हणजे १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावात स्थापन झालेल्या गेलिक अॅथलेटिक असोसिएशनच्या छत्राखाली होतात. खेळाडू हौशी असतात, खेळण्याचे मानधन कोणालाच मिळत नाही.

२. स्पर्धा कधी सुरू झाली? पहिला विजेता कोण?

१८८९ मध्ये. किलॉर्गलिन गावच्या लॉन रेंजर्सने किलार्नीच्या क्रोक्सला (आजचे डॉ. क्रोक्स) हरवून पहिले जेतेपद घेतले. लॉन ही त्या गावावरून वाहणारी नदी.

त्या काळी काउंटीचा निवडक संघ असा प्रकार नव्हता. काउंटी जिंकलेला क्लबच काउंटीच्या नावाने ऑल-आयर्लंड खेळायचा. म्हणून १८९२ च्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्यात ‘केरी’ असे लिहिलेले दिसते तिथे मैदानावर लॉन रेंजर्स होते, आणि ‘डब्लिन’ म्हणजे यंग आयर्लंड्स हा क्लब. हा सामना प्रत्यक्षात मार्च १८९३ मध्ये झाला. वर्षांच्या या घोळाबद्दल प्रश्न १७ पाहा.

लॉन रेंजर्सची पुढची गोष्टही मजेशीर आहे. १९११ नंतर त्यांना थेट १९८९ मध्ये, म्हणजे पहिल्या जेतेपदाला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, पुन्हा चषक मिळाला.

३. ‘२-२’ विरुद्ध ‘०-७’ असा निकाल असेल तर जिंकले कोण?

२-२ वाले. पहिला आकडा गोलांचा, दुसरा पॉइंटांचा. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांड्यावरून दोन खांबांच्या मधून गेला तर पॉइंट, म्हणजे १ गुण. त्यामुळे २-२ म्हणजे ८ आणि ०-७ म्हणजे ७. उदाहरण खरे आहे: १९८५ च्या ऑल-आयर्लंड क्लब अंतिम सामन्यात केरीच्या कॅसलआयलंड डेझमंड्सने डब्लिनच्या सेंट व्हिन्सेंट्सला असेच एका गुणाने हरवले. संपूर्ण सामन्यात जिंकणाऱ्यांनी फक्त चार वेळा चेंडू खांबांमधून घातला होता.

जुने निकाल वाचताना मात्र हे गणित लावू नका. १८९२ पूर्वी गोलाची तुलना पॉइंटांशी होतच नसे. एक गोल कितीही पॉइंटांवर भारी. १८९२ मध्ये गोलाची किंमत ५ पॉइंट ठरली आणि १८९६ मध्ये ३. म्हणून प्रश्न २ मधला १८९२ चा अंतिम सामना १-४ विरुद्ध ०-३ असा संपला, तो आजच्या हिशेबाने ७-३ वाटला तरी तेव्हाच्या हिशेबाने ९-३ होता. खेळाडूंची संख्याही बदलत गेली: आधी २१, मग १८९२ पासून १७ आणि १९१३ पासून आजचे १५.

२०२५ च्या हंगामापासून आणखी एक भर पडली. गोलपासून ४० मीटरवर आखलेल्या कमानीच्या बाहेरून मारलेला पॉइंट दोन गुणांचा धरतात. हे दोन गुण धावफलकावर सहसा दुसऱ्या आकड्यातच मिळवलेले असतात. म्हणजे ०-१८ दिसले तर अठरा वेळा चेंडू वरून गेला असे समजू नका.

४. यादीत ‘ईस्ट केरी’, ‘साउथ केरी’ असे संघ दिसतात. हे क्लब आहेत का?

नाहीत, आणि ही एक गोष्ट समजली की बाकी सगळे सुटते. हे विभागीय संघ आहेत.

केरीत सीनियर दर्जाचे क्लब थोडे. बाकीचे बहुतेक क्लब खेड्यांतले, लहान लोकवस्तीचे. आपल्या बळावर सीनियर संघ उभा करणे त्यांना झेपत नाही. पण त्या खेड्यांतही अव्वल खेळाडू निघतात. त्यांना काउंटीची सर्वोच्च स्पर्धा खेळायला मिळावी म्हणून एका भागातले बिगर-सीनियर क्लब मिळून एक संघ उतरवतात. आपल्याकडे गावच्या कबड्डी मंडळाकडून खेळणारा गडी तालुका संघातही निवडला जातो, तसेच हे. फरक इतकाच की केरीत तालुका संघ आणि मोठ्या शहराचे मंडळ एकाच स्पर्धेत समोरासमोर येतात.

असे आठ विभाग आहेत: ईस्ट केरी, वेस्ट केरी (डिंगल द्वीपकल्प), साउथ केरी, मिड केरी, ट्रॅलीच्या आसपासचा सेंट ब्रेंडन्स, कॅसलआयलंडच्या बाजूचा सेंट कीरन्स, आणि उत्तरेकडचे शॅनन रेंजर्स व फील रेंजर्स. शेवटच्या दोघांची नावे नद्यांवरून आली आहेत.

विभागीय संघाचे दुखणे एकच: तो एरवी अस्तित्वातच नसतो. लीग क्लब खेळतात, विभाग नाही. स्पर्धा आली की पाच-सात क्लबांतून मुले गोळा करायची, थोड्याशा सरावात जुळवायची आणि वर्षभर एकत्र खेळणाऱ्या क्लबापुढे उभे करायचे. खेळाडू सरस असूनही पहिल्या सामन्यांत विभागीय संघ विस्कळीत दिसतो तो यामुळे. पुढे सरकत गेला की मात्र त्याला आवरणे कठीण. साउथ केरीने २००४, २००५ आणि २००६ सलग जिंकले, ईस्ट केरीने १९९७ ते १९९९.

५. एखादा खेळाडू क्लबकडून खेळेल की विभागाकडून, हे कोण ठरवते?

त्याच्या क्लबचा दर्जा. क्लब सीनियर असेल तर तो क्लबकडूनच खेळणार, विभागाचा दरवाजा बंद. क्लब इंटरमीजिएट किंवा ज्युनियर (सीनियरच्या खालचे दर्जे, प्रश्न ६ पाहा) असेल तर क्लबची स्पर्धा क्लबकडून आणि काउंटीची सीनियर स्पर्धा विभागाकडून.

सर्वांना माहीत असलेले उदाहरण डेव्हिड क्लिफर्डचे. त्याचा क्लब फोसा, किलार्नीच्या शेजारचा. काउंटी स्पर्धेत तो ईस्ट केरीकडून खेळतो आणि आंतरकाउंटी सामन्यांत केरीकडून. जुलै २०२२ मध्ये केरीबरोबर ऑल-आयर्लंड, त्याच वर्षी ईस्ट केरीबरोबर काउंटी, आणि जानेवारी २०२३ मध्ये फोसाबरोबर ऑल-आयर्लंड ज्युनियर क्लब अजिंक्यपद. तीन जर्सी, तीन पातळ्या, एकच खेळाडू.

बढती मिळाली की समीकरण बदलते. रॅथमोरने २०२२ मध्ये काउंटीची इंटरमीजिएट स्पर्धा जिंकली आणि क्लब सीनियर झाला. तोवर ईस्ट केरीकडून खेळणारे त्यांचे खेळाडू पुढच्या हंगामापासून ईस्ट केरीला मिळेनासे झाले. उलटेही घडते. अन गेल्टाख्त हा आयरिश भाषक भागातला क्लब २००१ आणि २००३ मध्ये स्वतः काउंटी विजेता होता, पण तो सीनियर दर्जाखाली गेला की त्याचे खेळाडू वेस्ट केरीत जातात. त्यामुळे एखाद्या विभागाची ताकद जोखायची तर आधी बघा, त्याच्यातला कोणता क्लब यंदा वर गेला किंवा खाली आला.

६. ‘ज्युनियर’ म्हणजे लहान मुले का?

नाही. सीनियर, इंटरमीजिएट, ज्युनियर हे दर्जे आहेत, वय नाही. चाळिशीतला माणूसही ज्युनियर स्पर्धा खेळू शकतो. वयोगटाच्या स्पर्धांना ‘मायनर’ किंवा ‘अंडर’ लावून आकडा असे नाव असते. प्रश्न ५ मधली फोसाची ज्युनियर फेरी क्लिफर्ड खेळला ती याच कारणाने: दर्जा क्लबचा मोजतात, खेळाडूचा नाही.

७. सध्या स्पर्धा कशी खेळवतात?

अलीकडच्या हंगामांत आठ सीनियर क्लब आणि आठ विभाग असे सोळा संघ, चार-चारचे चार गट आणि पुढे बाद फेरी. क्लब सामने ६० मिनिटांचे असतात. सीनियर आंतरकाउंटी सामने ७० मिनिटांचे, त्यामुळे काउंटी संघातल्या खेळाडूच्या दोन्हीकडच्या कामगिरीची तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

वेळापत्रकाचा क्रम महत्त्वाचा. २०२२ पासून आंतरकाउंटी हंगाम जुलैत संपतो. मग आधी दर्जानिहाय क्लब स्पर्धा उरकतात, नंतर सप्टेंबरच्या सुमारास काउंटी स्पर्धा सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अंतिम सामना होतो. हा क्रम विभागांसाठी जीव की प्राण. क्लबची स्पर्धा अजून चालू असेल तर क्लबचा प्रशिक्षक खेळाडूला विभागाच्या सरावाला सोडायला नाखूश असतो, आणि एकाच पंधरवड्यात दोन संघांकडून खेळणारा गडी दुखापत करून बसतो.

८. २०२२ आणि २०२३ दोन्ही वर्षी ईस्ट केरी जिंकले. मग मन्स्टर स्पर्धेत त्यांचे नाव का नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. केरी ज्यात येते त्या मन्स्टर प्रांताची आणि तिच्यापुढची ऑल-आयर्लंड क्लब स्पर्धा ही क्लबांचीच आहे. विभागीय संघाला तिथे प्रवेश नाही. केरीत क्लबने काउंटी जिंकली तर तो क्लब पुढे जातो. विभागाने जिंकली तर फक्त सीनियर क्लबांमध्ये होणाऱ्या वेगळ्या स्पर्धेचा, केरी क्लब चॅम्पियनशिपचा, विजेता पुढे जातो.

यातून चमत्कारिक निकाल निघतात:

२०२२ मध्ये काउंटी ईस्ट केरीची, पण मन्स्टरला गेले ट्रॅलीचे केरिन्स ओ'राहिलीज, आणि ते मन्स्टर जिंकलेसुद्धा.

२०२३ मध्ये काउंटी पुन्हा ईस्ट केरीची, मन्स्टरला डिंगल. ते अंतिम फेरीत कॉर्कच्या कॅसलहेव्हनकडून पेनल्टींवर हरले.

२००६ मध्ये डॉ. क्रोक्स काउंटीच्या अंतिम सामन्यात साउथ केरीकडून हरले, तरी क्लब विजेते म्हणून मन्स्टर जिंकून ऑल-आयर्लंडच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तिथे आर्माच्या क्रॉसमॅग्लेनने त्यांना फेरसामन्यात हरवले.

आणि कळस १९८४-८५ चा. काउंटी वेस्ट केरीने जिंकली होती. कॅसलआयलंड डेझमंड्स क्लबांच्या वाटेने पुढे गेले आणि थेट ऑल-आयर्लंड क्लब विजेते झाले (प्रश्न ३ मधला २-२ चा सामना तो हाच). म्हणजे देशातला सर्वोत्तम क्लब त्या वर्षी आपल्या काउंटीचा विजेता नव्हता. काहींना हे अन्यायाचे वाटते. आमच्या मते अन्याय नाही, दोन वेगळ्या प्रश्नांची ही दोन उत्तरे आहेत: केरीतला सर्वांत बलवान संघ कोणता, आणि केरीतला सर्वांत बलवान क्लब कोणता.

९. पण ईस्ट केरीच्या नावावर ऑल-आयर्लंड क्लब चषक आहे. तो कसा?

तो १९७१ चा, आणि अस्सल आहे. ऑल-आयर्लंड क्लब स्पर्धेचे ते पहिलेच वर्ष. तेव्हा विभागीय संघाला मज्जाव नव्हता. १९६८, ६९ आणि ७० अशी सलग तीन वर्षे केरी जिंकलेल्या ईस्ट केरीने अंतिम सामन्यात डाउन काउंटीच्या ब्रायन्सफर्डला हरवले. पुढे नियम बदलला. त्यामुळे ऑल-आयर्लंडच्या यादीत सुरुवातीलाच एक विभाग बसला आहे, तो छपाईचा दोष नाही.

केरीचे बाकीचे ऑल-आयर्लंड क्लब विजेते (२०२४ पर्यंत): ऑस्टिन स्टॅक्स १९७७, कॅसलआयलंड डेझमंड्स १९८५, डॉ. क्रोक्स १९९२ आणि २०१७, लॉन रेंजर्स १९९६.

१०. केरीचा कप्तान दरवर्षी बदलतो आणि कधी कधी तो संघातही नसतो. असे का?

कारण केरीची जुनी परंपरा: काउंटी स्पर्धा जिंकणारा संघ पुढच्या वर्षीच्या केरी संघाचा कप्तान सुचवतो. इतर बहुतेक ठिकाणी हे व्यवस्थापक ठरवतो. केरीत काउंटी स्पर्धेच्या विजेत्यांच्या यादीला एवढे वजन आहे ते यामुळेच. यादी आणि ऑल-आयर्लंड उचलणाऱ्या कप्तानांची नावे शेजारी ठेवून पाहा.

१९७४ केनमेअर, १९७५ चा कप्तान मिकी ‘नेड’ ओ'सलिव्हन. १९७९ ऑस्टिन स्टॅक्स, १९८० जर पॉवर. १९८० फील रेंजर्स, १९८१ जिमी डीनिहान. १९८४ आणि १९८५ वेस्ट केरी, १९८५ पॉडी ओ शे आणि १९८६ टॉमी डॉयल. १९९६ लॉन रेंजर्स, १९९७ लिअम हॅसेट. १९९९ ईस्ट केरी, २००० शेमस मॉइनिहान. २००३ अन गेल्टाख्त, २००४ दारा ओ किनेडा. २००८ मिड केरी, २००९ डॅरन ओ'सलिव्हन. २०२४ डॉ. क्रोक्स, २०२५ गॅव्हिन व्हाइट.

अडचण येते ती सुचवलेला माणूस पहिल्या पंधरात बसत नसेल किंवा जायबंदी असेल तेव्हा. मग मैदानावर दुसराच कप्तान आणि चषक दोघांनी मिळून उचलायचा. २००६ मध्ये डेक्लन ओ'सलिव्हन आणि कोम कूपर, २०१४ मध्ये किअरन ओ'लिअरी आणि फियन फिट्झजेराल्ड, २०२२ मध्ये जो ओ'कॉनर आणि शॉन ओ'शे. ही छायाचित्रे पाहून ‘दोन कप्तान होते का’ असे विचारणाऱ्यांना उत्तर: कप्तान एकच सुचवलेला, परिस्थितीने दोन झाले. ही पद्धत खेळाच्या दृष्टीने सोयीची नाही, पण तिच्यामुळे चार घरांच्या खेड्यातला क्लबही केरीचा कप्तान देऊ शकतो.

या परंपरेतली सर्वांत मोठी घटना १९३१ ची. आयर्लंडमधले यादवी युद्ध संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती. कप्तानपद ट्रॅलीतल्या रॉक स्ट्रीटच्या (म्हणजे ऑस्टिन स्टॅक्सच्या, प्रश्न १३ पाहा) जो बॅरेटकडे येत होते. युद्धात तो तहविरोधी, म्हणजे ब्रिटनशी झालेला तह न मानणाऱ्या, बाजूचा. त्याने ते कॉन ब्रॉस्ननला दिले, जो समोरच्या, तह मानणाऱ्या बाजूच्या फ्री स्टेट सैन्यात अधिकारी होता. दोघे एकाच संघात खेळत होते आणि केरीने १९२९ ते १९३२ सलग चार ऑल-आयर्लंड जिंकल्या.

११. सर्वांत जास्त वेळा कोण जिंकले?

यावर वाद घालण्याआधी एक ठरवावे लागते: ट्रॅलीचे जुने ‘मिचेल्स’ आणि नंतरचे बोहरबी भागातले ‘जॉन मिचेल्स’ यांची जेतेपदे एकत्र मोजायची की वेगळी? एकत्र मोजली तर मिचेल्स आघाडीवर. काही याद्या जोडतात, काही तोडतात. म्हणून दोन याद्यांमधले आकडे जुळत नाहीत.

बाकीच्यांचे हिशेब सरळ आहेत. डॉ. क्रोक्स १४: १९०१, १९१२ ते १९१४, १९९१, २०००, २०१० ते २०१३, २०१६ ते २०१८ आणि २०२४. यात १९१४ नंतर १९९१ पर्यंतची सत्त्याहत्तर वर्षांची पोकळी आहे. आज सर्वांत बलाढ्य वाटणाऱ्या क्लबच्या किती पिढ्या काउंटी पदकाशिवाय गेल्या ते यातून कळते. ऑस्टिन स्टॅक्स १३, ईस्ट केरी ११, साउथ केरी १०. डिंगलने १९३८ ते १९४८ या एका दशकात सहा मिळवली.

१२. सलग किती जेतेपदांचा विक्रम आहे?

पाच. जॉन मिचेल्स, १९५९ ते १९६३. अलीकडे त्याच्या सर्वांत जवळ गेले डॉ. क्रोक्स, २०१० ते २०१३ अशी सलग चार घेऊन. २०१४ मध्ये चषक ऑस्टिन स्टॅक्सकडे गेला. नकोसा विक्रम म्हणावा तर मिड केरीचा: २०१४, २०२०, २०२२ आणि २०२३ असे चार अंतिम सामने हरले.

१३. ट्रॅलीत इतके क्लब का? आणि ही माणसांची नावे कोणाची?

ट्रॅलीचे क्लब रस्त्यांचे आहेत. रॉक स्ट्रीट म्हणजे ऑस्टिन स्टॅक्स, बोहरबी म्हणजे जॉन मिचेल्स, स्ट्रँड रोड म्हणजे केरिन्स ओ'राहिलीज. जुनी माणसे अजूनही क्लबचे नाव न घेता रस्त्याचे घेतात. जुन्या निकालांत ‘रॉक स्ट्रीट’ दिसले तर ते स्टॅक्सच समजा.

नावे बहुतेक राष्ट्रीय चळवळीतली. जॉन मिचेल हे एकोणिसाव्या शतकातल्या ‘यंग आयर्लंड’ या राष्ट्रवादी चळवळीतले. ओ'राहिली ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावात मारले गेले, मूळचे केरीतल्या बॅलीलाँगफर्डचे. चार्ली केरिन्स हे ट्रॅलीचे, १९४४ मध्ये फाशी गेले. त्यांचे नाव क्लबच्या नावापुढे नंतर जोडले. डॉ. क्रोक म्हणजे कॅशेलचे आर्चबिशप, जीएएचे पहिले आश्रयदाते. डब्लिनचे क्रोक पार्क मैदानही त्यांच्याच नावाचे.

यात एक गंमत आहे. ऑस्टिन स्टॅक स्वतः मिचेल्सचे खेळाडू होते आणि १९०४ चा ऑल-आयर्लंड विजेता केरी संघ त्यांच्या कप्तानपदाखाली खेळला. त्यांचे नाव मात्र लागले मिचेल्सच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला.

१४. सामने कुठे होतात?

मोठे सामने मुख्यतः दोन मैदानांवर: ट्रॅलीचे ऑस्टिन स्टॅक पार्क आणि किलार्नीचे फिट्झजेराल्ड स्टेडियम. दुसरे १९३६ मध्ये उघडले आणि डिक फिट्झजेराल्डच्या नावाचे आहे. हा १९१३ आणि १९१४ चा केरीचा कप्तान, क्लब अर्थात क्रोक्स (प्रश्न १० आणि ११ जोडून वाचा).

१५. बरोबरी झाली तर?

पूर्वी सरळ फेरसामना व्हायचा. २०१४ मध्ये स्टॅक्स-मिड केरी आणि २०१५ मध्ये साउथ केरी-किलार्नी लिजन हे लागोपाठचे दोन अंतिम सामने फेरसामन्यात सुटले. आता हंगामाचे दिवस मोजके असल्याने दहा-दहा मिनिटांचा जादा वेळ आणि तरीही सुटले नाही तर पेनल्टी, याकडे कल आहे.

१६. ओ'डोनोह्यू कप, काउंटी लीग, क्लब चॅम्पियनशिप: या सगळ्या एकच का?

नाहीत. ओ'डोनोह्यू कप ही ईस्ट केरी विभागातल्या क्लबांची आपसातली स्पर्धा. तिच्यात क्रोक्स आणि लिजनसारखे सीनियर क्लबही उतरतात, म्हणून ‘ईस्ट केरीचा विजेता क्रोक्स’ असे वाक्य चुकीचे नसते, फक्त ते वेगळ्या चषकाबद्दल असते. काउंटी लीग ही क्लबांची साखळी स्पर्धा. क्लब चॅम्पियनशिपबद्दल प्रश्न ८ मध्ये आले आहे. महिला फुटबॉलची काउंटी स्पर्धा वेगळ्या संघटनेकडे आहे. हर्लिंगचीही स्पर्धा स्वतंत्र, आणि तो खेळ केरीत उत्तरेकडच्या थोड्या गावांत एकवटलेला आहे.

१७. जुनी यादी तपासताना वर्षे जुळत नाहीत. कोणते खरे धरायचे?

तीन ठिकाणी घसरायला होते. एक, सुरुवातीच्या काळात स्पर्धा लांबून अंतिम सामना पुढच्या वर्षी व्हायचा, तरी जेतेपद स्पर्धेच्या वर्षाच्या नावानेच लिहितात. दोन, ऑल-आयर्लंड क्लब स्पर्धा काउंटी जिंकल्यानंतरच्या वर्षात संपते. क्रोक्सने काउंटी २०१६ मध्ये जिंकली आणि ऑल-आयर्लंड १७ मार्च २०१७ रोजी, डेरीच्या स्लॉटनीलला १-९ विरुद्ध १-७ ने हरवून. सेंट पॅट्रिक्स डेचा तो जुना मुहूर्त होता. २०२० पासून अंतिम सामना सहसा जानेवारीत होतो, पण वर्ष ओलांडतेच. तीन, कप्तानाचे वर्ष काउंटी विजयाच्या पुढचे. याद्या लावताना ‘काउंटीचे वर्ष’ असा एक स्तंभ पक्का धरा आणि बाकी सगळे त्याला जोडा.

१८. दुसऱ्या काउंट्यांतही विभागीय संघ असतात का?

कॉर्कमध्ये असतात. तिथे विद्यापीठाचा संघही काउंटी स्पर्धेत उतरतो. बिआरा या विभागाने १९९७ मध्ये कॉर्कची फुटबॉल स्पर्धा जिंकली होती. डब्लिन किंवा गॉलवे यांच्या याद्यांत मात्र सगळे क्लबच दिसतील. तिथे प्रश्न ८ उद्भवतच नाही.

१९. भारतातून सामना पाहायचा तर वेळ कशी काढायची?

आयर्लंडचे घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जाते. त्याआधी आपण साडेचार तास पुढे, त्यानंतर साडेपाच. म्हणजे तिकडच्या दुपारी अडीचचा सामना सप्टेंबरमध्ये आपल्याकडे संध्याकाळी सातला आणि नोव्हेंबरमध्ये रात्री आठला. काउंटीचा अंतिम सामना नेमका या बदलाच्या आगेमागे येतो, त्यामुळे मागच्या आठवड्याच्या वेळेवर विसंबू नका. क्लब सामने टीजी फोर ही आयरिश भाषेतली वाहिनी दाखवते. समालोचन आयरिशमध्ये असते, पण पडद्यावरचा गुणफलक प्रश्न ३ वाचून समजेल.